टेल्युरियमची बाजू

निमोण्याच्या पोपटरावांची लेक तेजश्री मनानं वाईट होती असं कुणी म्हणणार नाही. पण ती हेवा करायची, आणि तो फक्त सोनमचा करायची, एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं जे घडलं ते कुणाला पटायचं नाही.

सोनम म्हणजे खुटबावच्या ज्योतिबांची लेक. तिचा आजा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, ज्योतिबांनी मेंढरं विकून ऊस लावला, आणि सोनम फिजिक्समध्ये डॉक्टर झाली. तेजश्रीही डॉक्टरच. पुण्यात एकाच सरांच्या हाताखाली दोघींनी सहा वर्षं काढली, एका खोलीत राहिल्या, एका डब्यात जेवल्या. डिग्री हातात पडल्यावर तेजश्री शिरूरच्या एका कॉलेजात शिकवायला लागली आणि सोनम दौंडच्या. काम मात्र अजून जोडीनंच चालायचं. तेजश्री क्रिस्टल वाढवायची आणि सोनम तो बघायची.

क्रिस्टल नुसता बघायला कशाला पीएचडी लागते, असं पोपटरावांनी एकदा विचारलं होतं. तर लागते बाबा. क्रिस्टलच्या पृष्ठभागावर अतिनील उजेडाचा झोत मारायचा. उजेड आतल्या इलेक्ट्रॉनला ढुशी देतो आणि तो बाहेर उडतो. कुठल्या कोनात उडाला, किती जोरात उडाला हे नीट मोजलं, की आत असताना तो कसा नांदत होता याचा सगळा नकाशा काढता येतो. याला फोटोएमिशन म्हणतात. अट एकच, पृष्ठभाग कोरा पाहिजे. हवा लागली की तो बाटला. म्हणून क्रिस्टल फोडायचा तो व्हॅक्यूममध्येच. वरच्या बाजूला चांदीच्या गोंदानं सिरॅमिकची काडीएवढी दांडी चिकटवायची, चेंबरात घालायचं, आणि आतल्या आत दांडीला टिचकी मारून ती पाडायची. दांडीबरोबर वरचा पापुद्रा निघून जातो आणि खालचा थर उघडा पडतो. या सगळ्यात सोनमचा हात असा बसला होता, की सरसुद्धा तिच्यामागं उभं राहून बघायचे.

आणि तेजश्री? तिनं शिरूरच्या कॉलेजात, जुन्या स्टोअररूममध्ये, स्वतः तारा गुंडाळून भट्टी बांधली होती. बिस्मथ, टेल्युरियम आणि आयोडिन मोजून क्वार्ट्झच्या नळीत भरायचं, नळी सील करायची आणि भट्टीतून ती तासाला पाव मिलिमीटर खाली सोडायची. बावीस दिवस लागायचे. गुरुवारी लाईट जायची म्हणून तिनं ट्रॅक्टरच्या चार बॅटऱ्या जोडून ठेवल्या होत्या. बावीस दिवस बाई लग्नाला गेली नाही, बारशाला गेली नाही, आजारीसुद्धा पडली नाही. शेवटी नळी फोडली की आत काळा, आरशासारखा चकाकणारा क्रिस्टल निघायचा. तो सोनमकडं जायचा. मग सोनम परदेशातल्या मोठ्या यंत्रावर जायची, नकाशे काढायची, पेपर छापून यायचा. पेपरात सोनम पहिली, मग दोन परदेशी साहेब, आणि मग तेजश्री.

गेल्या दिवाळीआधी वर्तमानपत्रात आलं, खुटबावच्या कन्येचं संशोधन म्हणून, फोटोसकट. पोपटराव दूध सोसायटीचे चेअरमन. त्यांनी ती बातमी सकाळी डेअरीवर, चारचौघांत, मोठ्यानं वाचली. घरी येऊन तेजश्रीला विचारलं, यात तुझं नाव कुठं हाय. ती म्हणाली बातमीत नाही आप्पा, मूळ पेपरात आहे, चौथं. पोपटराव म्हणाले, "चौथी म्हंजी? पासात तरी बसती का?"

त्यांनी सरळ मनानं विचारलं होतं. पण तेजश्रीच्या अंगाची लाही झाली. त्या दिवसापासून तिला एकच पाहिजे होतं, एकदा, फक्त एकदा, आपलं नाव पहिलं यावं. रोज भट्टीजवळ बसून ती हेच घोकत राहायची. बरं, सोनमला हे तोंडानं सांगावं, तर तेही जमेना. मागून मिळालेलं पहिलेपण तिला नको होतं. सोनमच्या आपण होऊन लक्षात यायला पाहिजे, असा तिचा हट्ट. आता समोरच्याच्या मनात शिरून बघायचं यंत्र तर कुणी बांधलेलं नाही, पण हट्टाला कोण समजावणार.

उन्हाळ्यात तिनं नवं मिश्रण केलं. नेहमीच्या तिघांत चिमूटभर मँगनीज घातलं. क्रिस्टल असा निघाला की ती स्वतःच बघत राहिली. त्याच दुपारी सोनमचं एका परिषदेत ऑनलाइन भाषण होतं. तेजश्री स्टाफरूममध्ये मोबाईल टेकवून ऐकत बसली. पाऊण तासात सोनम पाच-सहा वेळा 'आमचे क्रिस्टल' म्हणाली आणि एकदा, घाईत, 'माझे क्रिस्टल' म्हणाली. तेजश्रीला ते एकदाचंच ऐकू आलं. माझे म्हणे. ह्या बयेनं कधी भट्टीचं दार तरी उघडलंय का, असं ती समोरच्या भिंतीला म्हणाली.

तशीच उठून ती स्टोअररूममध्ये गेली आणि क्रिस्टलचे तीन तुकडे पाडले.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. या क्रिस्टलला दोन तोंडं असतात आणि ती सारखी नसतात. प्रत्येक थरात मधे बिस्मथ, एका अंगाला टेल्युरियम, दुसऱ्या अंगाला आयोडिन, आणि सगळे थर एकाच दिशेनं रचलेले. त्यामुळं एका बाजूनं फोडला तर टेल्युरियम वर येतं, उलट्या बाजूनं फोडला तर आयोडिन. नुसत्या डोळ्याला दोन्ही बाजू सारख्याच चकचकीत. तेजश्री त्यातली एक कपची काढून तिच्या दोन्ही तोंडांवर पातळ ॲसिडचा थेंब टाकायची. टेल्युरियमची बाजू लगेच मंद व्हायची. मग प्रत्येक तुकड्यावर त्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, ब्लेडनं एक बारीक चीर द्यायची. सोनमला टेल्युरियमचीच बाजू लागायची. चीर दिसली की डोळे झाकून ती त्याच बाजूला दांडी चिकटवायची. सरांच्या लॅबपासूनची ही दोघींची रीत.

सरांची मात्र आणखी एक खोड होती. अधूनमधून ते स्वतःच एखाद्या तुकड्यावर मुद्दाम उलटी चीर द्यायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत. जो पोरगा उलट्या बाजूवरही नेहमीचाच नकाशा आला म्हणून आनंदानं सांगत यायचा, त्याची मग सर्वांसमोर हजेरी. ठरवून आलात तेच दिसलं काय रे, असं विचारायचे. सोनम आणि तेजश्री या खेळात कधी सापडल्या नाहीत.

त्या दुपारी तेजश्रीनं ॲसिडचा थेंब टाकला, बाजू ओळखली, तुकडे चिमट्यानं उलटे केले आणि तिन्हीवर आयोडिनच्या बाजूला चीर दिली. बसू दे एक दिवस शोधत, असं तिनं स्वतःला सांगितलं. सरांनीही असं केलंच असतं की. पण सर एका तुकड्याला करायचे आणि शिकवायला करायचे, हे तिला चांगलं माहीत होतं. नोंदवहीत तिनं त्या दिवशी बाजूचा रकाना कोराच सोडला.

तुकडे द्यायला दोघी नेहमीसारख्या न्हावरे फाट्यावर भेटल्या. एक शिरूरकडून, एक दौंडकडून, दोघी आपापल्या स्कूटीवर. चहा झाला. दीड वर्ष वाट बघून इटलीतल्या यंत्रावर पाच दिवसांचा बीमटाइम, म्हणजे उजेडाच्या झोताची पाळी, मिळालाय, परवाचं विमान आहे, असं सोनम सांगत होती. तिनं ती प्लास्टिकची डबी दोन्ही हातांनी घेतली आणि पर्समध्ये पासपोर्टच्या कप्प्यात ठेवली. ते बघून तेजश्रीला वाटलं, सांगून टाकावं, हसत हसत सांगावं, अगं एक गंमत केली होती, उलट्या लाव. तिनं तोंड उघडलं तेवढ्यात सोनमनं तिचा हात धरून आणखी एक बातमी दिली. दौंडच्या कॉलेजानं तिला कायम केलं होतं. तेजश्री अजून तासाच्या पैशांवर शिकवत होती. तिनं अभिनंदन केलं, चहाचे पैसे दिले आणि गाडीला किक मारली. न्हावऱ्यापासून निमोण्यापर्यंत ती रडत गेली, आणि रडू कशाचं ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं.

विमान गेल्यावर चौथ्या दिवशी दुपारी इटलीहून सोनमचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"आगं, काईच दिसत न्हाई. दोन तुकडे फोडले. नकाशात आपला नेहमीचा पट्टा कुठंच न्हाई, नुसता धूर दिसतोय. माझं कुठं चुकतंय कळंना."

आता बोलायची वेळ होती. बोलली असती तर पाचातले अजून साडेतीन दिवस हातात होते. तेजश्री म्हणाली, "गोंद नीट वाळला होता का?"

सोनम म्हणाली की असेल, तेच असेल, घाईत गोंद वाळवायच्या ओव्हनमधून लवकर काढला असेल. माझ्याच हातून झालं असेल, असं दोनदा म्हणून तिनं फोन ठेवला.

खोटं कशाला बोला, तेजश्रीला पहिल्यांदा गार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. संध्याकाळी ती दोन भाकरी जास्त जेवली. पोपटरावांना वाटलं पोरीची तब्येत सुधारली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात फळ्यावर लिहिताना तिला सोनमचं ते 'माझ्याच हातून' आठवलं आणि खडू हातातच राहिला. तास अर्धवट सोडून ती बाहेर आली. मोबाईलवर लिहिलं, तुकडा उलटा कर. पुढं का लिहायचं? चुकून झालं? तिच्या हातून खूण चुकत नाही हे सोनमइतकं कुणाला माहीत होतं. मेसेज पुसला. परत लिहिला. परत पुसला. असं चार वेळा झालं आणि घंटा झाली.

दुपारी सोनमनं फोटोच पाठवला. तेजश्रीला नकाशे वाचता यायचे. आयोडिनच्या बाजूवर काही नसतं असं धरून कुणी तिकडं वेळ घालवत नव्हतं, आणि इथं त्या धुरात कुणी कधी न पाहिलेल्या दोन बारीक रेषा स्वच्छ एकमेकींना छेदून जात होत्या. खाली सोनमनं लिहिलं होतं, मँगनीजची करामत, बाकी आल्यावर बोलते. त्याच्याखाली नुसती फुलं आणि नमस्काराचे हात, रांगच्या रांग.

म्हणजे झालं काय, तर हिनं खड्डा खणला आणि सोनमला त्यात हंडा सापडला. तेजश्रीचा असा तिळपापड झाला म्हणता! सरळ खूण केली असती तर सोनम टेल्युरियमवर नेहमीचं मोजून आली असती आणि ती आयोडिनची बाजू तेजश्रीनं पुढंमागं स्वतः सुचवली असती. असं आता तिला वाटत होतं. खरं तर ती बाजू तिच्याही कधी मनात आली नव्हती.

सोनम परत आल्यावर तेजश्रीला दौंडला बोलावणं आलं. सोनमच्या कॉलेजातली छोटी खोली, टेबलावर लॅपटॉप, बाहेर पोरांची परीक्षा चाललेली. सोनमनं तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टूल ओढलं. पेपर लिहून तयार होता. वरती नावं होती, आणि पहिलं नाव तेजश्रीचं होतं.

तेजश्रीनं ते तीनदा वाचलं. कान तापले. गेल्या दिवाळीपासून जे घोकलं ते समोर होतं, आणि न मागता आलं होतं, जसं पाहिजे होतं अगदी तसंच.

सोनम मग सांगायला लागली. दोन तुकडे वाया गेल्यावर तिला वाटलं आपला हातच गेला. मग उजेडाची शक्ती वाढवून तिनं पृष्ठभागावर कुठलं मूलद्रव्य आहे तेच तपासलं, तर आयोडिन चढलेलं आणि टेल्युरियम दबलेलं. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. सरांची खोड! तेजानं सरांचा डाव टाकला आपल्यावर, तिन्ही तुकड्यांवर टाकला. मग तिनं तिसरा तुकडा पण त्याच बाजूनं फोडला आणि नेहमीचा पट्टा शोधायचं सोडून उरलेला सगळा वेळ तो धूरच बारकाईनं मोजत बसली. हे सांगताना तिचा चेहरा नुसता फुलला होता. तिनं बोटानं पडद्यावरचं एक वाक्य दाखवलं. क्रिस्टल वाढवणारीनं पृष्ठभागाची दिशा मुद्दाम गुप्त ठेवली होती, त्यामुळं हे मोजमाप पूर्वग्रहाशिवाय झालं, असं त्यात लिहिलं होतं. "ही आयडिया तुझी हाय," सोनम म्हणाली. "म्हणून नाव तुझं पहिलं. माझ्यात न्हाई बाई एवढी हिंमत, पाच दिवसांचा बीमटाइम डावावर लावायची. तू माझ्यावर एवढा भरवसा टाकलास."

गप्प बसली असती तर काही बिघडत नव्हतं. पेपर गेला असता, नाव पहिलं लागलं असतं, पुढच्या मुलाखतीत शिरूरचं कॉलेजही कदाचित तिला कायम करायला वळलं असतं. आणि ती बोलली ती काही चांगुलपणानं बोलली नाही, हे पण सांगायला पाहिजे. समोर सोनम स्टुलावर बसून एवढ्या मोकळ्या मनानं देत होती, तेच तिला बघवेना. प्रत्येक वेळी हीच मोठी व्हायची. चूक मी करायची आणि त्यातूनही मोठी हीच व्हायची. एकदा तरी तो फुललेला चेहरा उतरावा, असं तेजश्रीला वाटलं आणि तोंडातून निघून गेलं.

"भरवसा न्हाई टाकला. तुझा राग आला हुता म्हणून उलटी खूण केली. तुझं काम बिघडावं म्हणून."

सोनमला आधी कळलंच नाही. ती हसली. मग हसणं तसंच तोंडावर राहिलं.

"तिन्ही?"

"तिन्ही."

"मी फोन केला तवा?"

"तवाबी म्हाईत हुतं."

बाहेर कुणीतरी पुरवणी मागत होतं. मग सोनम हळू आवाजात बोलली, भांडायचा सूर नव्हताच. "तीस तास मी सोताला शिव्या घालीत हुते, तेजा. तिथल्या साहेबाला सांगितलं की माझ्याच हातून सॅम्पल खराब झालं, क्रिस्टल चांगला हाय. तो म्हणाला वाढवणारीला विचार. मी म्हणलं तिचं कवाच चुकत न्हाई."

तेजश्रीला वाटलं आता ही नाव खोडणार. खोडावं, म्हणजे आपण मोकळ्या झालो, असंही वाटलं. सोनमनं लॅपटॉप स्वतःकडं वळवला आणि ते गुप्त ठेवल्याचं वाक्य पुसून टाकलं. त्या जागी लिहिलं की तुकड्यांवरची दिशेची खूण उलटी होती आणि ती मोजमापातून लक्षात आली. बस्, एवढंच. नावांना तिनं हात लावला नाही.

तेजश्रीनं माझं नाव काढ म्हटलं. सोनम म्हणाली, "कशाला? क्रिस्टल तुझाच हाय. मँगनीज तूच घातलंस." मग ती उठली, परीक्षेवर लक्ष ठेवायची तिची पाळी होती, टेबलावरच्या उत्तरपत्रिका गोळा केल्या आणि दाराशी थांबली. "पुढच्या बारीपासून खूण करू नगंस. कुठली बाजू कुठली ते माझं मी बघत जाईन."

ती गेली. तेजश्री तिच्या खुर्चीत बसून राहिली. पडद्यावर पहिलं नाव तिचंच होतं, ठळक अक्षरांत, आणि ते तिला वाचवेना. खरं सांगायचं तर त्या घडीलासुद्धा तिला सोनमचा हेवाच वाटत होता. सोनमला रागवायचा हक्क होता आणि ती रागवलीसुद्धा नाही. बाहेर घंटा झाली, पोरं वर्गातून बाहेर पडली, आणि आता उठून निमोण्याला जायला पाहिजे हे तेजश्रीला कळत होतं, पण तिच्यानं उठवेना.